काचेवर राहिलेला कागद

कोणते यंत्र दुरुस्त करताना तुम्हांला सर्वांत अधिक आनंद होतो, असा प्रश्न मी एकदा उस्तादांना विचारला. त्या वेळी मला दुसरा उद्योग नव्हता. बीदरच्या चौबाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्यांच्या दुकानात मी नकला घेण्यासाठी गेलो होतो, वीज गेली होती, आणि मे महिन्यातील दुपार असल्याने बाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. उस्ताद एका उघड्या झेरॉक्स यंत्रापुढे मांडी घालून बसले होते. पुजाऱ्याने पूजेची उपकरणी घासून वाळत ठेवावीत, तसे यंत्राचे अवयव त्यांच्याभोवती एका फडक्यावर मांडलेले होते. त्यांनी प्रश्न ऐकला, हातातला स्क्रू दातांत धरून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “जो मशीन खुल के बोलती, वकीलसाब. चुप बैठनेवाली नक्को.”

उस्ताद हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे. परंतु सारा कोर्टकचेरीचा परिसर त्यांना त्याच नावाने ओळखतो, आणि मीही येथे तेच वापरणार आहे. त्यांची भाषा दखनी, माझी मराठी, दुकानावरची पाटी कानडी, आणि ज्या कागदांवर आम्हां दोघांचे पोट चालते ते बहुधा इंग्रजी. गोव्याकडील वाचकांना याचे नवल वाटू नये. घरात कोकणी बोलावी, देवळात मराठी कीर्तन ऐकावे आणि पेटीत पोर्तुगीज दस्तऐवज जपावा, हे त्यांच्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या केलेलेच आहे. आमच्या बीदर-कलबुर्गीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य आणि उर्दूचा कारभार होता. १९५६ मध्ये हे जिल्हे कानडी मुलखात आले. आणि आमच्या घरात मराठी आहे तशी राहिली. तेव्हा दखनीतील ते उत्तर मला शब्दशः कळले. अर्थ मात्र कळला नाही. न कळलेले उत्तर सोडून देण्याची सवय वकिलाला नसते, म्हणून वीज येईपर्यंत, म्हणजे चांगला दीड तास, मी त्यांची एक प्रकारे उलटतपासणीच घेतली.

त्यातून जे निघाले ते असे. टेबलावर ठेवावयाची जी लहान, गोंडस यंत्रे हल्ली घराघरांत आली आहेत, त्यांच्याविषयी उस्तादांना मुळीच प्रेम नाही. ती स्क्रूने उघडत नाहीत. प्लास्टिकच्या आकड्यांनी एकमेकांत अडकवलेली असतात, आणि एक आकडा सोडविताना दुसरा तुटतो. शाईच्या नळकांड्यावर एक चिप बसविलेली असते. नळकांड्यात पूड शिल्लक असली तरी चिपने “संपली” म्हटले की संपली. दुरुस्त करणाऱ्याने काय करावयाचे ते कारखान्याने आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि ते म्हणजे नवे विकत घ्यावयास सांगणे. याला उस्ताद चुप बैठनेवाली मशीन म्हणतात.

दुकानदारांकडे असतात ती मोठी यंत्रे त्यांना आवडतात. विशेषतः परदेशांतील कचेऱ्यांनी वापरून टाकलेली, कंटेनरांतून भारतात आलेली आणि येथे पुन्हा उभी केलेली जुनी कॅनन यंत्रे. त्यांतले आय. आर. ३३०० हे यंत्र तर गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे राबत आले आहे. त्याचे समोरचे दार उघडले की चांगल्या गृहिणीच्या फडताळासारखे सारे दिसते. ड्रम कोठे, डेव्हलपर कोठे, कागद कोणत्या वाटेने जातो, हे न सांगता समजते. एकेक भाग रुळावरून बाहेर ओढता येतो. सुटे भाग हैदराबादहून संध्याकाळच्या बसने पार्सल करून मागविले की सकाळी हाती येतात. अशा यंत्रालाही कधीकधी रुसवा येतो. कागदावर पूड पक्की करणारा भाग पुरेसा तापला नाही की पडद्यावर ‘ई ०००’ अशी अक्षरे उमटतात, आणि नुसता बिघडलेला भाग बदलून भागत नाही. यंत्राच्या गुप्त खोलीत, म्हणजे सर्व्हिस मोडमध्ये, शिरून तो दोष पुसावा लागतो. उस्ताद याला “समन्स निकालना” असे म्हणतात. वकिलांच्या शेजारी दुकान असल्याचा हा परिणाम असावा.

परंतु त्यांचे खरे मन जडले आहे ते याही पूर्वीच्या यंत्रावर. आरसे, भिंगे आणि दिवा यांचे, ज्यात संगणकाचा लवलेश नाही असे यंत्र. त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात कॅननच्या एन. पी. मालिकेतील असे एक धूड होते. त्या दुपारी फडक्यावर मांडलेले अवयव त्याचेच होते, आणि उस्तादांनी एकेक उचलून मला त्याचे काम सांगितले. वाचकांना थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढे याच माहितीवर एका देवाची जमीन अवलंबून होती.

ड्रम म्हणजे एक गुळगुळीत नळकांडे. अंधारात एका केसासारख्या बारीक तारेतून त्याच्यावर विजेचा भार पसरविला जातो. मग दिवा आपल्या कागदाखालून सरकतो. कागदाचा पांढरा भाग प्रकाश परत फेकतो, तो आरशांवरून ड्रमवर पडतो, आणि जेथे पडतो तेथला भार निघून जातो. अक्षरे काळी, ती प्रकाश परत देत नाहीत, म्हणून अक्षरांच्या जागी भार तसाच राहतो. त्या भाराला पूड चिकटते, पुडीला कोरा कागद ओढून घेतो, आणि तापलेल्या दोन रुळांमधून जाताना ती पूड वितळून कागदाची होते. ड्रमवर उरलेली पूड एक रबरी पाते खरवडून काढते आणि ड्रम पुढच्या फेरीला मोकळा होतो. (याच कारणाने उस्ताद हात धुताना कधी गरम पाणी घेत नाहीत. गरम पाण्याने पूड कातडीत बसते. थंड पाण्याने ती निघून जाते.)

आता “बोलणे” म्हणजे काय? कागदावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ आली, की तार मळली आहे किंवा ड्रमवर ओरखडा आहे. पाठ करडी झाली, की दिवा थकला. दोन कागद एकदम ओढले गेले, की पिकअप रोलर झिजला. पावसाळ्यात मात्र रोलरला दोष देण्यापूर्वी कागद दमट आहे का ते पाहावयाचे. आणि ठिपका आला तर? “ठिपका आला तर पट्टी घेतो,” असे उस्ताद म्हणाले, म्हणजे त्यांच्या भाषेत म्हणाले. एक ठिपका असेल तर दोष मूळ कागदाचा किंवा काचेचा. तोच ठिपका खाली पुन्हा आला, तर दोन ठिपक्यांमधले अंतर मोजावयाचे. त्या यंत्राच्या ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर होता. म्हणजे घेर सुमारे ९४. ठिपका दर ९४ मिलिमीटरांनी परत येत असेल, तर ड्रमच गुन्हेगार. अंतर निराळे असेल, तर त्या घेराचा रूळ शोधावयाचा. मला हे ऐकून आमच्या व्यवसायाची थोडी लाज वाटली. आम्ही परिस्थितिजन्य पुराव्यावर तास तास बोलतो, आणि इतका निर्विवाद निष्कर्ष आमच्या हाती क्वचितच लागतो.

नकलांचे आणि आमच्या घराचे नाते जुने आहे. माझे आजोबा निजामाच्या काळी नकलनवीस होते. उर्दू निकालांच्या नकला ते बोरूने करीत, मग दुसरा कोणी मूळ वाचून दाखवी आणि ते आपली नक्कल डोळ्यांखालून घालीत. ही रुजुवात झाल्याखेरीज सही होत नसे. वडील वकील झाले तोवर टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागद आले होते. एका दमात पाच प्रती निघत. पहिली न्यायाधीशांना, दुसरी विरुद्ध पक्षाला, आणि पाचवी आपल्या पक्षकाराला, कारण ती डोळ्यांपेक्षा श्रद्धेनेच वाचावी लागे. पुढे मोदी उद्योगसमूहाने परदेशी कंपनीच्या सहकार्याने १९८३ मध्ये ‘मोदी झेरॉक्स’ ही कंपनी काढली आणि ते नाव जाहिरातींतून आमच्याकडे पोहोचले. वडिलांनी ते ‘मोडी झेरॉक्स’ असे ऐकले. मोडी कागदाचे बाळबोध करून देणारे यंत्र निघाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली, आणि पुढे हैदराबादला गेले तेव्हा घरातले मोडीचे एक बाड त्यांनी बरोबर नेले. बाडाच्या सुरेख नकला मिळाल्या, सर्व मोडीतच. हा प्रसंग आमच्याकडे दिवाळीच्या फराळाबरोबर अजून निघतो.

हे यंत्र ज्याने शोधले तोही कायद्याचाच विद्यार्थी होता, हे मला फार उशिरा कळले. चेस्टर कार्लसन हा अमेरिकन गृहस्थ १९०६ मध्ये जन्मला. दिवसा तो न्यूयॉर्कमधील एका विद्युत्सामानाच्या कंपनीत पेटंटांचे काम पाही आणि रात्री कायद्याच्या महाविद्यालयात जाई. पुस्तके घेण्यास पैसे नव्हते, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो कायद्याची पुस्तके हाताने उतरवून काढी. त्यातच सांधेदुखीने बोटे धरली. माझ्यासारख्याने दैवाला दोष दिला असता; त्याने यंत्र शोधावयास घेतले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अॅस्टोरिया या उपनगरातील एका भाड्याच्या खोलीत त्याने आणि ओटो कोर्नी या त्याच्या मदतनिसाने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालाने घासून त्यावर भार आणला, काचेच्या पट्टीवर त्या दिवसाची तारीख आणि ‘अॅस्टोरिया’ हे नाव लिहून ती वर ठेवली, प्रकाश पाडला, आणि लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरविली. फुंकर घातल्यावर पत्र्यावर अक्षरे राहिली.

बीदरच्या माणसाला या गोष्टीत एक घरगुती गंमत वाटते. आमचे बिदरी कामही जस्ताचेच. जस्तात थोडे तांबे मिसळून घडविलेल्या भांड्यावर चांदी जडवितात आणि किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप देतात. जस्त काळेभोर होते. चांदीला तो लेप शिवत नाही, आणि नक्षी उजळून दिसते. काळ्या-पांढऱ्याचा निवाडा करणारे जस्त आमच्या गावात शतकानुशतके आहे. फक्त ते नकला काढीत नव्हते. उस्तादांचे आजोबा याच बिदरी कामात होते.

कार्लसनला पुढे वीसाहून अधिक कंपन्यांनी परत पाठविले. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधनसंस्थेने त्याचे काम हाती घेतले, नंतर हॅलॉइड नावाच्या एका लहान कंपनीने पैसा घातला, आणि १९५९ मध्ये ‘९१४’ हे साध्या कागदावर नकला देणारे यंत्र बाजारात आले. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागद घेई म्हणून हे नाव. वजन तीनशे किलोच्या घरात. आणि कागद आत अडकून कधीकधी पेट घेत असल्यामुळे कंपनी यंत्राबरोबर एक लहानसे अग्निशामक देई. उस्तादांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. ज्या यंत्राला आगही लावता येते, त्याच्यावर काम करावयास त्यांना नक्कीच आवडले असते. कार्लसनकडे अखेरीस अपार पैसा आला, आणि १९६८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत त्यातला बहुतेक त्याने दान करून टाकला. उत्तरायुष्यात तो पत्नीच्या संगतीने वेदान्त आणि झेन यांच्या अभ्यासाकडे वळला होता, हे या मासिकाच्या वाचकांना आवडेल.

आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले ती गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला आजही जड जाते.

मांजरेच्या खोऱ्यातील एका लहान गावी मारुतीचे देऊळ आहे. देवळाला निजामाच्या काळापासून इनाम जमीन. पुजारी वृद्ध, मराठी बोलणारे, धोतर आणि खांद्यावर उपरणे. २०११ च्या पावसाळ्यात ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या काखोटीस एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत देवाच्या चांदीच्या डोळ्यांशेजारी धुवट कापडात गुंडाळलेला एक कागद. तो मुंतखब होता. इनामाची रीतसर चौकशी झाल्यावर संस्थानच्या अधिकाऱ्यांनी दिलेला तो दाखला. सारा उर्दूत, आणि तळाशी एक शिक्का, मूळचा काळा पण वर्षानुवर्षांनी फिकट तपकिरी पडलेला. शेजारचा एक मातबर गृहस्थ ही जमीन देवाची नव्हेच, असे म्हणत होता. सरकारी दप्तरातील मूळ मिसल मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा ती सापडत नाही असे लेखी उत्तर आले. म्हणजे जगात पुरावा हा एवढाच कागद. “वकीलसाहेब, देवाचा कागद आहे,” एवढेच म्हणून काकांनी तो माझ्या हाती दिला.

त्याच्या नकला काढताना प्रथमच अडचण आली. आवाराबाहेरच्या दुकानांतील नव्या यंत्रांनी अक्षरे स्वच्छ दिली, पण शिक्का गायब केला. ही यंत्रे कागदाची जुनी पिवळट पाठ म्हणजे मळ समजतात आणि आपण होऊन ती पांढरी करतात. शिक्का त्या मळातच गेला. मी उस्तादांकडे आलो. त्यांनी कोपऱ्यातल्या धुडावरचे कापड काढले, प्रकाशाची चकती कमीकमी करीत नेली, तीन कागद वाया घालविले, आणि चौथ्यावर सारे पान करडे झाले खरे, पण शिक्का उमटला. गोल कडा, आतली वेलबुट्टी, सनाचे आकडे. मी त्या दोन प्रती घेऊन रोजनिशीत ठेवल्या.

आठच दिवसांनी विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी ऐन सुनावणीत आणखी एक प्रत मागितली. उस्तादांचे दुकान दूर. मी आवाराबाहेरच्या पहिल्याच दुकानात शिरलो. तेथे कसल्याशा नोकरभरतीच्या अर्जांची झुंबड उडाली होती. (२०१३ नंतर घटनेच्या ३७१ (ज) कलमान्वये रहिवासाचे दाखले सुरू झाले, तेव्हापासून अशी झुंबड बारमाही झाली आहे.) प्रत घेतली, पैसे दिले, पुकारा झाला म्हणून धावलो. तासाभराने रोजनिशी उघडली तेव्हा ध्यानात आले, की मूळ कागद काचेवरच राहिला. परत गेलो. काचेवर कोणाचे तरी दहावीचे गुणपत्रक होते. आम्ही रद्दीची टोपली उपडी केली, रांगेतील मुलांच्या पिशव्या त्यांनी आपण होऊन उघडून दाखविल्या, मी तीन दिवस त्या दुकानात आणि पोलीस ठाण्यात हेलपाटे घातले. कागद मिळाला नाही. दुकानदाराचा काही दोष नव्हता. दोष सर्वस्वी माझा होता.

पुजारीकाकांना सांगण्यासाठी मी त्यांच्या गावी गेलो. देवळाच्या ओट्यावर बसून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुम्ही जेवून आलात का?” त्यांच्या घरी मी त्या दिवशी जेवलो, तसे जेवण मी पुन्हा कधी जेवू नये.

कायद्याची स्थिती अशी होती. १८७२ च्या पुरावा कायद्याने, ज्या यांत्रिक रीतीतच अचूकपणाची हमी असते अशा रीतीने काढलेली नक्कल दुय्यम पुरावा म्हणून मान्य केलेली होती. आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. छायाचित्र मुळाशी ताडून पाहिलेले नसले तरी चालते. परंतु ज्याचे छायाचित्र घेतले तो मूळ दस्तऐवजच होता, हे सिद्ध करावे लागते. मूळ हरवले हेही सिद्ध करावे लागते. हरवले हे शपथेवर सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मी. ज्या दाव्यात आपण साक्षीदार होणार त्या दाव्यात वकिलाने उभे राहू नये, असा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. मी वकालतनामा मागे घेतला, एका स्नेह्याकडे काम सोपविले, आणि आयुष्यात प्रथमच पिंजऱ्यात उभा राहिलो. ज्या न्यायाधीशांपुढे रोज उभा राहावयाचे त्यांच्यापुढे, रोजच्या सहकाऱ्यांच्या देखत.

“मूळ दस्तऐवज आपल्या हलगर्जीपणामुळे नाहीसा झाला, हे खरे ना?” विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी विचारले. ते माझे चांगले मित्र आहेत, आणि त्यांनी विचारले ते योग्यच होते. मी “खरे” म्हणालो. आपल्याच तोंडचा तो शब्द त्या दालनात फार मोठा ऐकू आला.

माझ्यानंतर उस्ताद आले. टोपी नीट केली, शपथ घेतली. मूळ कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काचेवर ठेवला होता, शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, हे त्यांनी सांगितले. उलटतपासणीचा रोख यंत्राच्या वयावर होता. इतके जुने यंत्र, सारे पान करडे, त्यावर डाग. मग ज्याला तुम्ही शिक्का म्हणता तोही यंत्राचाच एक डाग कशावरून नसेल?

उस्तादांनी ती प्रत मागून घेतली आणि खिशातून पोलादी पट्टी काढली. न्यायाधीशांनी मान हलविली. पानाच्या डाव्या कडेला मोहरीएवढा एक ठिपका होता. त्याच्या खाली तसाच दुसरा, त्याच्या खाली तिसरा. उस्तादांनी पट्टी लावून अंतर दाखविले. चौऱ्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव. हा ड्रमचा डाग, ते म्हणाले, आणि तो माझ्या यंत्राचाच आहे. त्या आठवड्यातल्या माझ्या दुकानच्या दुसऱ्या कागदांवरही तो याच अंतराने सापडेल. मग बोट शिक्क्यावर ठेवले. “मशीन का दाग होता तो फिर आता साब. ये एकीच बार आया.” आणि यंत्र जुने आहे या मुद्द्यावर त्यांनी आपण होऊन एक वाक्य जोडले, जे दुभाष्याने इंग्रजीत काय घातले ते मला आठवत नाही: “इसको दिमाग नहीं है साब. सामने जो है वोच दिखाती.”

नक्कल पुराव्यात दाखल झाली. देव हा कायद्याच्या दृष्टीने अज्ञान असतो, त्याच्या वकिलाच्या चुकीचा भुर्दंड त्याला बसू नये, अशा अर्थाचा एक परिच्छेदही त्या आदेशात आहे. माझ्या चुकीची ती कायमची नोंद आहे, आणि ती तेथे आहे याचे मला आता वाईट वाटत नाही.

उस्तादांच्या त्या शेवटच्या वाक्याचा पुरता अर्थ मला २०१३ मध्ये कळला. त्या वर्षी डेव्हिड क्रीझेल नावाच्या एका जर्मन संगणकतज्ज्ञाच्या ध्यानात आले, की झेरॉक्स कंपनीच्या काही मोठ्या यंत्रांनी स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशावर खोल्यांची क्षेत्रफळे बदललेली आहेत. अक्षरे स्पष्ट, पान नीटनेटके, आणि आकडा चुकीचा. सहाच्या जागी आठ. चित्र साठविताना जागा वाचावी म्हणून यंत्र एकसारखे दिसणारे आकडे एकच मानून एकाच्या जागी दुसरा बसवीत होते. कंपनीने पुढे ही चूक सुधारण्याची व्यवस्था केली. परंतु मी ते वाचले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जुने यंत्र चुकत असे तेव्हा पुसट चुके, काळे चुके, वाकडे चुके. चूक डोळ्यांना दिसे. सुरेख अक्षरांत चुकणे ही कला आजवर फक्त माणसाला, त्यातही आमच्या व्यवसायातल्या माणसाला, अवगत होती. सर्व्हे नंबर छत्तीसचा अडतीस झाला, तर देवाची जमीन दुसऱ्याच्या बांधात जाते, आणि कागदावर त्याची खूणही राहत नाही. १८७२ च्या कायदेकारांनी यंत्राच्या अंगी जो प्रामाणिकपणा गृहीत धरला, तो बिनडोक यंत्राचा प्रामाणिकपणा होता. विचार करणाऱ्या यंत्राशी त्यांची गाठ पडलेली नव्हती.

नव्या यंत्रांवर अन्याय मात्र करू नये. दावा आम्ही जिंकलो, पहिले अपीलही. दुसरे अपील कलबुर्गीला गेले. तेथे उच्च न्यायालयाचे फिरते पीठ २००८ मध्ये आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले, त्यामुळे आमचे बेंगळूरचे खेटे वाचले आहेत. त्या अपिलाचे कागद बांधून आले तेव्हा शिक्का पुन्हा नाहीसा झालेला दिसला. मी ते बाड घेऊन उस्तादांकडे गेलो. जुने धूड तोवर बंद पडले होते. त्याचा ड्रम कोठेच मिळत नव्हता. उस्तादांनी मोठ्या कॅननचा पडदा चाळला, पाठ पांढरी करण्याची सोय बंद केली, ‘अक्षरे’ हा पर्याय काढून ‘छायाचित्र’ हा घातला, गडदपणा वाढविला, आणि शिक्का आला. “इसकूबी बोलना आता,” ते म्हणाले, “मगर पूछना पड़ता.”

ते अपील अजून चालू आहे. पुजारीकाका वारले, त्यांचा मुलगा येतो, आणि गाणगापूरची किंवा माणिकनगरची वारी झाली की प्रसाद आणून देतो. उस्तादांचे केस पांढरे झाले आहेत. जुने यंत्र त्यांनी भंगारात घातलेले नाही. त्याच्यावरचे कापड आठवड्यातून एकदा झटकतात. माझ्याकडून ते नकलांचे पैसे घेतात, एक रुपयाही सोडीत नाहीत. मात्र पैसे घेण्यापूर्वी, दुकानात कितीही गर्दी असो, ते यंत्राचे झाकण उचलतात आणि मी पाहिले की नाही याची खात्री करून घेतात. मी वाकून पाहतो. मग ते झाकण खाली ठेवतात.